रस्त्यावर पाणी आलंय, गाडी घालायची का? सांगलीत नव्याने आलेल्यांसाठी

जुलै लागला की सांगलीत चहाच्या गाड्यावर, रिक्षा स्टॉपवर, बँकेच्या रांगेत एकच चौकशी सुरू होते : "आयर्विनला किती झालं?" नव्या माणसाला यातलं काही कळत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागलेली पोरं, वालचंद नाहीतर विलिंग्डनला शिकायला आलेले विद्यार्थी, मिरजेच्या दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, बदलीवर आलेले कर्मचारी, अशांसाठी हे लिहितोय. विषय एवढाच : रस्त्यावर पाणी आहे, तुम्ही गाडीत किंवा गाडीवर आहात आणि मागून कुणीतरी म्हणतंय, "जातीय की गाडी, घाला बिनधास्त."

आधी ओळखा, पाणी नदीचं आहे की ओढ्याचं

या जिल्ह्यात पूर दोन तऱ्हेने येतो आणि दोन्हींची चाल वेगळी आहे. बाहेरची माणसं इथेच फसतात. नदीच्या पुराची सवय झालेला माणूस ओढ्यावर बेसावध असतो आणि दुष्काळी पूर्व भागातून आलेल्याला नदी कळत नाही.

नदीचा, म्हणजे कृष्णेचा, पूर पश्चिमेकडून येतो. महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर, चांदोली या पट्ट्यात पाऊस कोसळतो. सांगलीत त्या दिवशी रिमझिमही नसेल, पण ते पाणी इकडे निघालेलं असतं. हा पूर हळू चढतो आणि हळू उतरतो. रस्ता एकदा पाण्याखाली गेला की दोन-चार दिवस, कधी आठवडाभर तसाच राहतो. याचं चांगलं म्हणजे त्याची वर्दी आधी मिळते.

वर्दी कशी वाचायची ते शिकून घ्या. सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्याजवळची पाणीपातळी हे सांगलीचं माप. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि जुलै २०२१ मध्ये जवळपास ५५ फुटांवर. पण नुसता आयर्विनचा आकडा पाहून भागत नाही. पाटबंधारे खात्याच्या रोजच्या पत्रकात पुलांची नावं नदीच्या ओघाने येतात : कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी आणि मग आयर्विन. सांगलीत पातळी स्थिर दिसतेय, पण बहे आणि ताकारीला वाढतेय, तर सांगलीतही वाढणार हे धरून चाला. संध्याकाळी कामावरून परत यायचं असेल तर सकाळी भिलवडीच्या वरचे आकडे बघा. सांगलीचा आकडा आत्ताचं सांगतो, वरचे आकडे परतीच्या वाटेचं सांगतात.

त्याच पत्रकात कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. 'पायथा वीजगृहातून विसर्ग' एवढंच लिहिलेलं असेल तर पाणी थोडं असतं. 'सहा वक्र दरवाजे अमुक फुटांनी उघडले' असं आलं की नदीकाठचे रस्ते डोक्यातून वजा करायला लागा. वारणेकडेही लक्ष हवं. चांदोलीहून येणारी वारणा सांगलीच्या अगदी खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. ती भरून वाहत असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला कुरकुरतं आणि मागे सांगलीत फुगवटा येतो.

शहरात पाणी कुठे आधी येतं हे इथल्या कुणालाही विचारा, पाठ असतं : सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड. मोठा पूर असेल तर मारुती चौक, टिळक चौक, गणपती पेठ. नव्या माणसाला धक्का देणारी गोष्ट अशी की पाणी नेहमी नदीच्या बाजूनेच येत नाही. शेरीनाल्यातून, गटारीतून ते उलटं वर चढतं. तुम्ही नदीकडे तोंड करून अंदाज बांधताय आणि तुमच्या मागच्या गल्लीत चेंबरमधून पाणी वर आलेलं असतं. त्यामुळे अशा भागात खोली घेतली असेल तर इशारा पातळी जवळ आली की गाडी आधी उंचावर, विश्रामबागच्या बाजूला कुणा ओळखीच्याकडे नेऊन लावा. पाणी आल्यावर गाडी वाचवायला जाणं हाच पुष्कळांचा पुराच्या पाण्यातला पहिला प्रवास ठरतो.

आता ओढा. तासगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, आटपाडी, जत हा सगळा कमी पावसाचा मुलूख. येरळा, अग्रणी, माण, बोर या नद्या वर्षातले कितीतरी महिने कोरड्या दिसतात. त्यांना मिळणारे ओढे तर असे की बाहेरच्या माणसाला तिथे ओढा आहे हेच कळत नाही. रस्त्याला जरा उतार लागतो, खाली सपाट फरशी (ओढ्याच्या पात्रातूनच जाणारा ठेंगणा रस्ता) लागते, पुन्हा चढ. एवढंच. आणि परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, चार-पाच कोसांवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की ती फरशी तासाभरात, कधी त्याहूनही लवकर, कमरेएवढ्या पाण्याखाली जाते. तुमच्या डोक्यावर चांदणं असू शकतं. याचं पत्रक निघत नाही. कुणाचा फोन येत नाही.

ओढ्याचं पाणी येतंय हे ओळखायच्या खुणा मात्र आहेत. पाणी अचानक गढूळ होतं. उसाचं पाचट, काटक्या, प्लास्टिकच्या बाटल्या यांचा लोंढा पुढे येतो. आणि आवाज बदलतो. खळखळ असते ती घरघर होते. यातलं एकही जाणवलं तर फरशीवर उतरू नका. उतरला असाल तर जवळच्या काठाला परत या.

नदीचं पाणी सावकाश येतं म्हणून ते गरीब असतं असं नाही. शेतात पसरलेलं पाणी उभं दिसतं, पण ते जिथे रस्ता ओलांडून पलीकडे पडतं तिथे त्याला ओढ असते. पुलाच्या दोन्ही टोकांचे जोडरस्ते हे त्यातले सगळ्यात वाईट. पूल उंच असतो, कोरडा दिसतो, त्याच्याकडे बघून माणूस गाडी घालतो आणि अडकतो ते जोडरस्त्यावर.

फरशी आणि बंधारा : हे रस्ते नव्हेत

गुगलच्या नकाशात सगळ्या रेषा सारख्याच दिसतात. त्यातल्या काही रेषा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून जातात. हा बंधारा जवळून पाहिला नसेल तर उन्हाळ्यात एकदा जाऊन पाहा. नदीत ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांच्या खाचांत पाणी अडवायला बसवलेले बरगे आणि वर एक अरुंद स्लॅब. ट्रॅक्टर गेला की दोन्ही बाजूंना थोडीच जागा उरते. कठडा बहुतेक ठिकाणी नसतो. असलाच तर पाईपचा, तोही दोन-तीन ठिकाणी तुटलेला, ओंडक्यांच्या धक्क्याने वाकलेला. पावसाळ्याआधी बरगे काढतात म्हणजे पाणी खालून निघून जातं. पण नदी वाढली की खालच्या खिडक्या पुरत नाहीत आणि पाणी स्लॅबवरून जायला लागतं.

स्लॅबवरून वीतभर पाणी जात असताना वरच्या अंगाला नदी तुळतुळीत दिसते, हलतेय की नाही कळत नाही. माणूस तेवढंच बघतो. खालच्या अंगाला तेच पाणी स्लॅबच्या कडेवरून कोसळतं आणि खाली भोवरा घालतं. त्यात पडलेलं लाकूडसुद्धा तिथेच गरगरत राहतं, पुढे जात नाही. दुचाकीचं चाक हातभर खालच्या अंगाला सरकलं की कडा. आणि ती कडा पाण्याखाली असते. शिराळ्याकडे वारणेवर, वाळव्या-पलूसकडे कृष्णेवर असे बंधारे आहेत आणि एरवी त्यांच्यावरून रोज शाळेची पोरं, भाजीवाले, डेअरीला दूध घालायला जाणारे जातात. या दूधवाल्यांचं बघून कधीही गाडी घालू नका. दोन वेळचं दूध नासेल म्हणून ते जी जोखीम घेतात ती तुम्ही घ्यायचं कारण नाही. खरं तर त्यांनीही घेऊ नये.

फरशीचा धोका आणखी एक. वरून वाहणारं पाणी रस्त्याखालचा मुरूम ओढून नेतं. वर डांबर किंवा काँक्रीट जागच्या जागी दिसतं, खाली पोकळ. साईडपट्टी तर पहिल्याच लोंढ्यात जाते. काल याच रस्त्यावरून गेला होता ही माहिती आज उपयोगाची नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला. अंधारात दोन एसटी गाड्या त्याच्यासोबत नदीत गेल्या. रोजच्या मार्गावरचे अनुभवी चालक होते. पुढचा पूल आता जागेवर नाही, हे अंधारात आणि पावसात कुणालाच कळणार नव्हतं.

किती पाणी म्हणजे जास्त पाणी

"घोट्याएवढंच आहे" किंवा "गुडघ्याएवढंच आहे" हे शब्द ऐकायला निरुपद्रवी वाटतात. थोडा हिशेब करू.

लहान हॅचबॅक गाडी घ्या. लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड मीटर, म्हणजे गाडीचा तळ साधारण पाच चौरस मीटर. रस्त्यापासून तळाची उंची १७ सेंटिमीटरच्या आसपास. पाणी तळाला लागलं की त्यापुढे चढणारं दर १० सेंटिमीटर पाणी गाडीला सुमारे ५०० किलो वर उचलतं. गाडीचं वजनच ८०० ते ९०० किलो. म्हणजे तळाच्या वर १७-१८ सेंटिमीटर पाणी झालं की गाडी तरंगायच्या बेतात येते. रस्त्यापासून मोजलं तर ३५ सेंटिमीटर. हे तुमच्या गुडघ्याच्या खाली आहे.

आता एसयूव्हीवाल्यांसाठी. तुमची गाडी दुप्पट जड आहे, मान्य. पण ती लांब-रुंदही आहे. साडेचार मीटर लांब, १.८ मीटर रुंद धरली तर तळ आठ चौरस मीटर आणि दर १० सेंटिमीटरला ८०० किलो उचल. १७०० किलोची गाडी, तळ २० सेंटिमीटर उंच, तरी ४० सेंटिमीटरच्या पुढेमागे तीही तरंगायच्या गोष्टी करू लागते. लहान गाडीत आणि तुमच्यात फरक राहिला पाच-सहा सेंटिमीटरचा. एवढ्या खोलीचा खड्डा आपल्या कोणत्याही रस्त्यावर असतो. दारांच्या फटीतून पाणी आत शिरतं, त्यामुळे हिशेब थोडा इकडेतिकडे होतो हे खरं, पण पाणी आत यायला वेळ लागतो, गाडी सरकायला तेवढाही वेळ लागत नाही.

आणि पूर्ण तरंगायची वाट कशाला बघायची? गाडीचं अर्धं वजन पाण्याने उचललं की टायरची रस्त्यावरची पकड अर्धी झाली. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, तर रेटा चौपट. हा रेटा गाडीच्या कुशीवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या बाजूवर बसतो. म्हणून वाहत्या पाण्यासाठी माझा नियम मापाचा नाहीच. पाणी रस्ता ओलांडून वाहतंय, तर गाडी घालायची नाही. वीतभर असलं तरी नाही.

काठावर पोचलात, आता काय

पाण्यापासून वीस-पंचवीस पावलं अलीकडेच गाडी थांबवा. अगदी कडेला जाऊन थांबू नका, मागून येणारा वडापवाला (शेअर जीपवाला) हॉर्न मारून तुम्हाला पुढे ढकलायला बघतो आणि वळवायला जागा राहत नाही. गाडी वळवताना साईडपट्टीवर चाक उतरवू नका, ती भुसभुशीत झालेली असते. रस्ता अरुंद असेल तर रुंद जागा येईपर्यंत सरळ मागे घ्या.

मग खाली उतरून पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा, बरोबर जिथे पाणी टेकतंय तिथे. दहा मिनिटं थांबा. दगड बुडाला तर पाणी चढतंय आणि विषय संपला. दगड कोरड्यात आला तर उतरतंय, तरीही जायचं नाही, फक्त इथे थांबून राहायला हरकत नाही एवढाच त्याचा अर्थ.

गावातल्या माणसांना विचारायचं असेल तर "गाडी जाईल का?" असं विचारू नका. या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे. "गेल्या तासात चढलं का उतरलं?" आणि "खाली फरशी आहे का पूल?" हे विचारा. याची उत्तरं खरी मिळतात.

पुढून एखादा ट्रॅक्टर पार होऊन आला की काठावरच्या मंडळींना जोर चढतो. ट्रॅक्टरचं मागचं चाक पाहा, ते तुमच्या गाडीच्या खिडकीपर्यंत येतं. तो गेला यावरून तुमच्या गाडीबद्दल काहीच कळत नाही. त्याच्या ट्रॉलीत बसून जाणं तर आणखी वाईट, कारण ट्रॉली रिकामी असली की हलकी असते आणि ती सरकली की ट्रॅक्टरलाही ओढते. एसटी गेली तरी तेच. एसटीमागोमाग लहान गाडी घालणाऱ्यांना तिने उडवलेली लाट बोनेटवर घ्यावी लागते.

रात्री यातलं काही दिसत नाही. हेडलाईटच्या उजेडात ओला डांबरी रस्ता आणि पाणी सारखंच चमकतं. म्हणून पावसाळ्यात रात्री अनोळखी आतला रस्ता धरायचाच नाही. दहा किलोमीटर लांब पडलं तरी हमरस्ता धरा. आणि कोल्हापूरला निघाला असाल तर हमरस्त्याचीही चौकशी करून निघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पंचगंगेच्या पाण्यामुळे कित्येक दिवस बंद होता.

बॅरिकेड असेल तर ते सरकवून जाऊ नका हे सांगायला नको, पण सांगतो, कारण दर पावसाळ्यात ते सरकवलेलं दिसतं. एकाने सरकवलं की मागच्याला रस्ता चालू झाला असं वाटतं. तुम्हाला बाजूला पडलेलं बॅरिकेड दिसलं तर उभं करून ठेवा.

कामावर खाडा पडेल ही भीती खरी आहे. सुपरवायझरला पाण्याचा फोटो पाठवा. पूर लागला की अर्ध्या शिफ्टची तीच गत असते, त्यांनाही ते माहीत असतं. एसटीत किंवा वडापमध्ये प्रवासी म्हणून बसला असाल आणि चालक पाण्यात घालायला निघाला तर गप्प बसू नका. "आम्हाला इथंच उतरवा" असं दोघा-तिघांनी मोठ्याने म्हटलं की बहुतेक चालक थांबतात. त्यांनाही मागे वळायला कारण हवंच असतं.

साचलेल्या पाण्याची गोष्ट थोडी वेगळी

शामरावनगरसारख्या सखल भागात मोठ्या पावसानंतर पाणी तुंबतं. त्याला ओढ नसते. रस्ता रोजच्या पायाखालचा असेल, पाणी चाकाच्या मधल्या कपापेक्षा खाली असेल आणि दुसरा मार्गच नसेल तर हळू जाता येतं. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही, रस्त्याच्या मधोमध चालायचं कारण रस्ता मध्ये उंच असतो. समोरून गाडी येत असेल तर ती बाहेर येईपर्यंत थांबा. कडेने जाऊ नका, उघडी गटार तिथेच असते. पाण्यातून भोवऱ्यासारखं काही फिरताना दिसलं तर तिथे उघडं चेंबर आहे असं समजा. पलीकडे गेल्यावर दोन-चारदा हलका ब्रेक दाबून तो लागतोय ना ते पाहा.

रेल्वेखालचे भुयारी रस्ते यात धरू नका. बशीसारखा खोलगट रस्ता, मध्ये किती पाणी आहे हे तोंडावरून कळत नाही आणि एकदा गाडी उतारावर गेली की मागे घेता येत नाही. तिथे पाणी दिसलं की वळसा.

इंजिनाबद्दल एवढं लक्षात ठेवा : इंजिन हवा ओढतं आणि हवा ओढायचं तोंड बहुतेक गाड्यांत पुढे, जाळीच्या मागे असतं. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन ते दाबायला बघतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली की पुन्हा स्टार्टर मारायचा मोह होतो. तोच मोह इंजिन खातो.

दुचाकी

दुचाकीसाठी सवलत नाही. स्कूटरची चाकं लहान, खाली सगळं यंत्र, आणि तोल दोन पायांवर. पिंडरीएवढ्या वाहत्या पाण्यात माणूस नुसता उभा राहायला धडपडतो, तिथे दीडशे किलोचं धूड कोण सावरणार? ढकलत नेणं तर आणखी धोक्याचं, कारण तेव्हा हात गाडीला गुंतलेले असतात.

गाडी पडली, सरकायला लागली, तर हँडल सोडा. लगेच. हप्ते बाकी असतील, कागद डिक्कीत असतील, मोबाईल असेल. सोडा. गाडीला धरून राहिलेला माणूस गाडीसोबत कडेवरून खाली जातो, आणि पुष्कळ वेळा ज्याने गाडी धरायला मागून उडी घेतली तोही.

गाडी पाण्यात अडकलीच तर

हा भाग शांत डोक्याने आज वाचा, त्या वेळी आठवेल.

गाडी बंद पडली आणि पाणी अजून दाराच्या खालीच आहे, काठ जवळ आहे, तर सगळ्यांनी लगेच बाहेर पडा. सामान गोळा करत बसू नका.

गाडी सरकायला लागली किंवा पाणी दारावर चढलं तर क्रम असा : बेल्ट काढा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. काच खाली करणं पहिल्याच मिनिटात हवं. पॉवर विंडो पाण्यात थोडा वेळ चालतात, वीज गेली की संपलं. फोन नंतर. दार उघडायच्या फंदात पडू नका. दाराच्या खालच्या कडेपासून ६० सेंटिमीटर पाणी वर आलं की मीटरभर रुंद दारावर साधारण १८० किलोचा दाब बसतो, आतून ते हलत नाही. काच उघडत नसेल तर बाजूच्या खिडकीची फोडा, तीही कोपऱ्यात. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, तडे जातात पण वाट होत नाही. काच फोडायची छोटी हातोडी दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते. ती डिक्कीत ठेवून उपयोग नाही, चालकाच्या हाताशी हवी. सीटच्या उशीच्या लोखंडी दांड्यांनी काच फुटते असं सांगतात. कधी फुटते, पण त्या भरवशावर राहू नका.

बाहेर निघाल्यावर काठ पावलाच्या टप्प्यात नसेल तर टपावर चढा आणि तिथून ओरडा, फोन करा. ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. वाहून जायची वेळ आलीच तर पाठीवर तरंगा, पाय पुढे वाहत्या दिशेला ठेवा म्हणजे दगड-खांबाचा दणका पायावर बसेल, आणि तिरपं काठाकडे सरका. प्रवाहाच्या विरुद्ध पोहू नका. काठावरच्यांनी पाण्यात उड्या मारू नयेत. दोरी, टायरची ट्यूब, लांब बांबू, प्लास्टिकचा मोकळा कॅन, यातलं काहीही टाका. गावात हे सगळं असतंच.

विजेचा खांब किंवा डीपी पाण्यात असेल तर त्या बाजूला कुणीच जाऊ नये. महावितरणला १९१२ वर कळवा आणि वायर तुटलेली दिसली तर बाकीच्यांनाही अडवा.

पाणी ओसरल्यावर

गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर किल्ली फिरवू नका. 'बघू तरी चालू होतीय का' हे या वेळी महागात पडतं. पाणी कुठपर्यंत चढलं त्याचे फोटो काढा, आतली चिखलाची रेघ दिसली पाहिजे. जमत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक गाडीला हात लावू नका, कंपनीच्या माणसालाच बोलवा.

विम्याबद्दल : नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर येतो, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं तर कंपन्या ते नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. सांगलीत गाडी घेणार असाल आणि घर नदीच्या बाजूला असेल तर ते घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

रस्ता उघडा पडला म्हणून तो चालू झाला असंही नाही. कृष्णेच्या पुरानंतर रस्त्यावर काळ्या मातीचा गाळ बसतो आणि त्यावर दुचाकी साबणावरून घसरावी तशी घसरते. गाळ धुऊन निघेपर्यंत, पुलाची आणि जोडरस्त्याची बांधकाम खात्याने पाहणी करून वाहतूक सोडेपर्यंत थांबा. पहिले दोन दिवस समोर मोठी गाडी जाऊ द्या, कडेला दबलेला रस्ता तिच्या चाकाखाली आधी कळतो. ब्रेकच्या ड्रममध्ये गाळ गेलेला असतो, तो साफ करून घेतल्याशिवाय घाटाकडे निघू नका. आणि गॅरेजला आधी फोन करून नंबर लावा, पूर उतरल्यावर पहिला पंधरवडा तिथे रांग असते.